माइक ह खातोय

९ जानेवारी

बाबांना आज बाहेरच्या खोलीत हलवलं. पलंग, रेडिओ, औषधांचा डबा, काठी, सगळं. पलंगाचं एक टोक संदीपने धरलं, दुसरं मी. बाबा दाराशी खुर्चीत बसून होते, काहीही बोलले नाहीत. कुरकुरले असते तर मीपण दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते.

आतली खोली त्यांना पाठ झाली होती. साखरेने दोन्ही डोळे गेले, त्यानंतर गणपतीत माझ्याकडे आले. तेव्हापासून भिंतीला हात लावत लावत पलंग ते दार, दार ते मोरी एवढं शिकले होते. आता परत पहिल्यापासून. संध्याकाळी फ्रीजला धडकले, कपाळाला टेंगूळ. "फ्रीज इथं कधी आणला?" म्हणे. फ्रीज आहे तिथेच आहे हो बाबा, तुम्ही हललात. हे आपलं मनात.

पण रस्त्याकडे खिडकी नसलेली तेवढी एकच खोली आहे घरात. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, ते काय रिक्षा स्टँडसमोर बसून होतंय?

काम मिळालं म्हणून सगळ्या दहिवलीला सांगून बसलेय. मिळालेलं नाही. मिळायचंय.

१० जानेवारी

विलासदादाचा फोन, शिळफाट्याहून. शिमग्याला येतो म्हणाला. तोपर्यंत तुझं वाचायचं काम पक्कं झालं तर बाबा तुझ्याकडे. नाही तर मी घेऊन जातो आणि तू गुमान रिसॉर्टला परत जा, संदीपने एकट्याने तुमचा संसार किती ओढायचा.

चुकीचं काहीच बोलला नाही, म्हणून तर राग आला. कळंबच्या रिसॉर्टवर रिसेप्शनला होते तेव्हा दिवाळीत बाबा मोरीत पडले. घरात कोणी नाही. शेजारच्या काकूंनी दार तोडायला लावलं. त्या दिवशीच राजीनामा दिला. घरबसल्या करता येण्यासारखं माझ्याकडे दुसरं काय आहे? आवाज. कॉलेजपासून सूत्रसंचालन करतेय, आवाजाला सगळे चांगलं म्हणतात.

दादाकडे चौथा मजला, लिफ्ट नाही, दोघं सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. मी विचारलं, मग दिवसभर बाबा? म्हणाला, "बाहेरून कुलूप लावून जाऊ, काय होतंय."

कुलूप हा शब्द दिवसभर डोक्यातून जात नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घ्यायला म्हणून इम्रानभाई आले, टेंपो घेऊन. शिळफाट्याला त्यांचं साउंडचं दुकान, संदीपचे जुने दोस्त. लग्नं, सभा, उरूस, सगळीकडे त्यांचेच भोंगे. वापरलेलं पण चांगलं सामान देतो म्हणाले होते.

माइक. त्याला स्टँड. माइक आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायची एक काळी डबी, तिला इंटरफेस म्हणतात, तिच्याशिवाय माइक नुसतं लोखंड. कान पूर्ण झाकणारे हेडफोन. माइकसमोर धरायची गोल काळी जाळी, म्हणजे प आणि फ म्हणताना तोंडातली हवा माइकवर आदळत नाही. आणि जाड केबल, तिला अजिबात गाठ मारायची नाही अशी ताकीद.

मी भुर्जीपावच्या गाडीवरून अंड्यांचे पुठ्ठे जमवून ठेवले होते. भिंतीला लावतात म्हणून ऐकलेलं. इम्रानभाई हसत सुटले. ताई, त्याने काही होत नाही, गाद्या आणा, गोधड्या आणा. मग घरातल्या सगळ्या गोधड्या दोरीवर टांगल्या. बाबा आता चादर घेतात.

खोलीत टाळी वाजवली. आवाज तिथल्या तिथे मेला. इम्रानभाई म्हणाले, बरोबर, हेच पाहिजे. मला मात्र कसंतरीच झालं.

१८ जानेवारी

शांतता शांतता म्हणतात ती नसतेच मेली कुठे. पंखा बंद, ट्यूब बंद (ती गुणगुणते), लॅपटॉप दाराबाहेर. तरी हेडफोनमध्ये घरघर. शोधून शोधून नाकी नऊ आले, फ्रीज निघाला. बंद केला. मग रेल्वेची इंजिनं. घाटात गाडी ढकलायला जातात ती, शिट्टी मारल्याशिवाय हलत नाहीत. शिट्टी झाली की थांबायचं, वाक्य पहिल्यापासून.

चांगली तीन पानं झाली. आनंदात बाहेर आले आणि फ्रीज चालू करायला विसरले. दूध नासलं. सं. दुसऱ्या शिफ्टहून आला, बिनदुधाचा चहा प्यायला.

पुस्तक चांगलंय. पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंच्या आठवणी. बाई स्वतःच सांगतायत असं वाचायचं. हे सगळं पुस्तक चाचणीला आहे. पास झालं तर वर्षाचं काम लिहून देणार.

२२ जानेवारी

पहिलं प्रकरण पाठवलं. देवाजवळ साखर ठेवली.

२५ जानेवारी

परत आलं. पुण्याच्या ऑफिसात तपासणारी मुलगी आहे, ऋजुता. तिचा शेरा: आवाज उत्तम, खोली छान शांत, पण बऱ्याच ठिकाणी "ह" ऐकू येत नाहीये, कृपया तपासून पुन्हा पाठवावे.

खाली जागा दिल्यायत. म्हणाले. आम्ही. तुम्ही. उन्हाळा. पाहिलं. राहिलं. म्हातारी. ही भली मोठी यादी.

कान देऊन सगळं ऐकलं. प्रत्येक जागी ह आहे! स्वच्छ आहे. संदीपला हेडफोन घातला. तोही म्हणाला, आहे की, हा काय.

बहुतेक पाठवताना फाइल दाबली गेली असणार.

२६ जानेवारी

इम्रानभाईंना फोन. त्यांनी विचार केला आणि मग बरोबर पकडलं. ह म्हणजे काय, नुसती हवा. आणि जाळीचं काम काय, हवा अडवायची. म्हणजे जाळीच ह अडवतेय! आपल्याला खोलीत ऐकू येतो, माइकपर्यंत जात नाही.

किती सोपं होतं. जाळी काढून टाकली.

३० जानेवारी

जाळी काढली तर प, फ, भ माइकवर असे आदळतात, दारावर कोणी बुक्क्या मारतंय जसं. "पुण्याला परत" म्हटलं तर ऋजुताच्या कानाचे पडदे फाटतील. इम्रानभाईंनी सांगितलं तसा माइक जरा तिरपा केला, तोंडाच्या कडेला. मग धक्के कमी. गोधडी एक कमी केली, उगीच हवा शोषायला नको. सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. घसा बसला.

पाठवलं.

१ फेब्रुवारी

परत. ह अजूनही नाहीत. शिवाय आता खोली घुमतेय.

शिमगा जवळ येतोय. एक प्रकरण धड जात नाही, पुस्तक कधी व्हायचं? दुपारी नुसती आडवी पडून राहिले. बाबांनी बाहेरून हाक मारली, जेवलीस का म्हणून. जेवले म्हणाले. जेवले नव्हते.

३ फेब्रुवारी

इम्रानभाई दुकान बंद करून आले. केबल बदलली. माइक बदलला, त्यांचा स्टेजवरचा भरवशाचा लावला. एक परिच्छेद वाचला आणि सगळ्यांनी आळीपाळीने हेडफोन घालून ऐकला. इम्रानभाई, संदीप, शेजारच्या काकू. शेवटी बाबांनापण घातला, ते कान कसे डोक्याएवढे मोठे म्हणून हसले. सगळ्यांचं एकच मत. ह आहे. इम्रानभाई म्हणाले, "ताई, मी इतकी वर्षं साउंड करतो. आवाज एकदम क्लीन हाय. आम्ही बरोबरच ऐकतोय, त्यांचाच हेडफोन गेलाय."

तेच खरं. एवढी माणसं खोटं ऐकतायत का?

५ फेब्रुवारी

ऋजुताला मेल टाकला. जरा कडकच. आमच्याकडे दोन माइकवर, वेगवेगळ्या केबलवर तपासून झालंय, अनुभवी साउंडवाल्यांनी ऐकलंय, तरी आपल्या ऑफिसातले हेडफोन एकदा तपासून घ्यावेत ही विनंती.

पाठवल्यावर बरं वाटलं. आज भूक पण लागली.

६ फेब्रुवारी

धरणी पोटात घेईल तर बरं.

ऋजुताचा फोन. वयाने लहान वाटते, फार अदबीने बोलते. ताई, रागावू नका. मी म्हटलं, रागवायचं काय त्यात, पण ह आहेत. तिने विचारलं, कोणी कोणी ऐकलं? मी सांगितलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

मग म्हणाली, "ताई, आत्ता तुम्ही काय म्हणालात, सांगू? 'आमी सगळ्यांनी आयकलं.'"

मी म्हटलं, "तेच तर सांगतेय ना. आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"आत्तापण आमीच म्हणालात. आणि इथे तर माइक नाहीये ना, ताई."

तिने मला तळहात तोंडासमोर धरायला सांगितलं. आम्ही म्हणा. म्हटलं. हाताला काही लागलं? नाही. मग तिने कसं म्हणायचं ते सांगितलं, म नंतर थोडा श्वास सोडून. म्हटलं तर हाताला गरम हवा लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी सॉरी म्हणाले की नाही तेही आठवत नाही.

७ फेब्रुवारी

दिवसभर नुसतं लोकांच्या तोंडाकडे बघतेय. भाजीवाली, काकू, सं., दूधवाला. कोणाकडे नाही. अख्ख्या दहिवलीत ह नाही! आमी, तुमी, मातारी, उनाळा, धा रुपये, सा वाजले. आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या तोंडून तो ऐकू येतो, कारण शाळेत लिहिताना घातलेला असतो. मीपण लिहिताना कधी विसरले नाही. शुद्धलेखनात पैकीच्या पैकी.

हीच वही बघा ना. मागची पानं चाळली. इम्रानभाईंचं बोलणं लिहिलंय, "आम्ही बरोबरच ऐकतोय". माणूस म्हणाला होता, "आमी बरोबरच आयकतोय." मी ऐकलं एक आणि लिहिलं दुसरं, आणि लिहिलेलंच ऐकलं असं धरून चालले.

जास्त झोंबलंय ते वेगळंच. घरी हाय-नाय आणि बाहेर आहे-नाही, हा बदल मला कॉलेजपासून येतो. वाटायचं, झालं, आपण शुद्ध बोलतो. स्टेजवरून "उपस्थित मान्यवर" म्हणताना काय ती ऐट. म च्या आणि न च्या पोटात आणखी ह बसलेत याचा पत्ताच नव्हता. समोर बसलेल्या पाहुण्यांना नसेल का कळलं? पुण्यामुंबईचे असायचे की. रिसॉर्टवर तर रोजचेच. कोणी बोललं नाही. हसले असतील गाडीत बसल्यावर.

९ फेब्रुवारी

संदीप आधी पोट धरून हसला. इम्रानभाईंना फोन करून सांगितलं, तेही तिकडून हसत होते. मग मी रडले तसा संदीप चिडला. माझ्यावर नाही, पुण्यावर. म्हणाला, "त्यांना सांग, इकडे कर्जतला असंच बोलतात. आमाला समजतं ना? मग झालं."

बोलायला ठीक आहे. पण पुस्तक त्या डॉक्टरीणबाईंचं आहे. "मी" म्हणून त्या बोलतायत. त्यांच्या तोंडी आमी-तुमी घातलं तर त्या राहतील का त्या? ऋजुताचं काही चुकलेलं नाही. कोणाचंच चुकलेलं नाही, आणि शिमगा काही माझ्यासाठी थांबणार नाही.

ऋजुताने उपाय सांगितलाय. वाचताना आठवून आठवून ह घातला तर तो चिकटवल्यासारखा वाटतो. दिवसभर तसंच बोला, घरात सगळ्यांशी, मग वाचताना आपोआप येईल.

आजपासून सुरू.

१५ फेब्रुवारी

आता नको तिथे येतोय. आज रेकॉर्डिंग ऐकलं तर मी म्हणतेय "म्हाझ्या म्हावशीने म्हासे आणले". डोंबल माझं! ऋजुता बिचारी हसू दाबत म्हणाली, ताई, मावशीला नसतो.

मला कसं कळणार कोणाला असतो आणि कोणाला नसतो? आता वाचायच्या आधी पानावरच्या प्रत्येक ह खाली पेन्सिलने टिंब करते. पहिलीतल्या पोरासारखी.

जाळी पुन्हा लावली. बिचारीचा काही दोष नव्हता.

२१ फेब्रुवारी

पहिलं प्रकरण पास!

दुसरं आणि तिसरंही एकदम पाठवून दिलं. जीभ बसतेय आता. चहा म्हणते, च्या नाही. संदीपला "तुम्ही केव्हा येणार" असा फोन केला. म्हणाला, मला वाटलं बँकेतून आहे.

रात्री जेवताना म्हणाला, घरात तरी सोड ना आता ते. म्हटलं, सोडलं की गेलं. शिमग्यापर्यंत कळ काढ.

खोलीत उकडायला लागलंय. पंखा लावता येत नाही. गळ्यात ओला टॉवेल घेऊन वाचते.

२६ फेब्रुवारी

सहा प्रकरणं पास. ऋजुता म्हणाली, आता कोणाला ओळखू येणार नाही. चांगल्या अर्थाने म्हणाली.

बाबा हल्ली शहाण्यासारखे वागतात. ताटात पडेल ते खातात. मीठ कमी, भाकरी जाड, काही नाही. पुरे म्हणतात आणि हात धुतात. गोळी दिली की मुकाट घेतात. बाहेरच्या खोलीची सवय झाली म्हणायची. माझ्या डोक्याचा तेवढा ताप कमी झाला.

४ मार्च

शेवटची दोन प्रकरणं राहिली. डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या झाल्यात (हा ह आता वाचताना न आठवता येतो). मुलगी परदेशात, फोनवर बोलतात. वाचताना घसा भरून आला. ते तसंच ठेवा म्हणाली ऋजुता.

बाबांनी दुपारी रेडिओ लावला नाही. बिघडलाय का बघितलं, चांगला आहे. का नाही लावला विचारलं तर, असू द्या, म्हणाले.

असू द्या? आत्ता लिहिताना लक्षात आलं. मला कधीपासून असू द्या?

८ मार्च

पुस्तक संपलं. खोलीतून बाहेर आले ती घामाने निथळत, पण मन हलकं. बाबा पलंगावर बसलेले. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चहा घेणार का? आपण दोघं घेऊ."

बाबांनी लुंगी सारखी केली. उशी बाजूला सारून नीट बसले. म्हणाले, "नको नको, तुमाला कशाला तरास. जया यील आता, ती करंल. बसा तुमी."

मी म्हटलं, "बाबा, मीच जया."

ते हसले. पाहुण्याने गंमत केली की आपण हसतो, तसे.

चहा केला, कप त्यांच्या हातात दिला. दोन्ही हातांनी घेतला त्यांनी. "लई करता तुमी," म्हणाले.

९ मार्च

डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात एक शब्द बोलले नाही मी, भीतीच वाटत होती तोंड उघडायची. साखर तपासली. साखर वाढलेली निघू दे म्हणून मी देवाला हात जोडले. असली लेक. साखर बरी निघाली.

डॉक्टर म्हणाले, वय आहे, अंधार आहे, त्यात खोली बदललीय, गोंधळतात असे. काही वेगळं घडलंय का घरात? मी नाही म्हटलं. काय सांगू, मी ह बोलायला लागले म्हणून?

कदाचित खोलीचंच असेल. कदाचित वयाचं. इतकी वर्षं ज्यांनी मला बघितलं त्यांना आता बघायला माझा आवाजच तेवढा आहे, आणि तो मी महिनाभर पुण्याला दिला. मला हे कालपर्यंत सुचू नये?

१० मार्च

सकाळी ठरवून त्यांच्याशी पहिल्यासारखी बोलायला गेले. "बाबा, उटलाव का?" इतकं खोटं आलं तोंडातून की माझं मलाच ऐकवेना. गावच्या बाईची कोणी नक्कल करतं ना स्टेजवर, ते. बाबांनी नुसती मान हलवली.

दिवसभर गेलेच नाही त्यांच्याजवळ.

संध्याकाळी फरशी पुसायला घेतली होती, खोलीभर पाणी, आणि बाबा काठी टेकत उठले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आवो बाबा, थांबा तितंच! पाय घसरंल, माज्या जिवाला काय घोर लावताव!"

बाबा थांबले. तोंड माझ्या बाजूला वळवलं.

"आलीस का गं? कुटं गेलतीस इतकं दिस?"

मी ओल्या फरशीवरच बसले. इथंच होते म्हटलं. म्हणाले, मग बोलली नायस ती. एवढं म्हणून त्यांनी भाकरी जाड होते हल्ली म्हणून तक्रार केली, ती बाई पण तुझ्यासारखीच थापते म्हणाले. मी रडत हसत होते. काकू दारातून डोकावून गेल्या.

११ मार्च

दिवसभर त्यांच्याशी आमी-तुमी. छान चाललंय. मीठ कमी, रेडिओचा आवाज वाढव, दादाला फोन लाव, सगळं सुरू झालंय पुन्हा.

संध्याकाळी गंमत म्हणून शेवटच्या प्रकरणातलं एक पान माइकवर वाचून बघितलं. म्हणाली ची मनाली झाली. उन्हं ची उनं. एका दिवसात! पेन्सिलची टिंबं डोळ्यांसमोर असून.

१२ मार्च

मेल आला. सगळं पुस्तक पास. वर्षाचं काम, पुढच्या तीन पुस्तकांची नावंसुद्धा. तिन्ही पुस्तकं शहरातल्या बायकांची. होकार कळवा. खाली ऋजुताने आपल्या मनाने लिहिलंय: ताई, खूप मेहनत घेतलीत, फक्त सवय मोडू नका, घरात तसंच बोलत राहा.

संदीपने पेढे आणले. इम्रानभाईंचा फोन, माइक आता तुमचाच समजा. सगळे खूश. दादा उद्या येतोय, होळीला. त्याला काय सांगायचं ते मेलमध्ये लिहून आलेलंच आहे. काम पक्कं. बाबा इथेच. कुलूप नाही.

मेलला हो अजून लिहिलेलं नाही. दोनदा उघडून बंद केला.

सं. ला सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, बाबांशी एक बोल, माइकवर एक बोल, त्यात काय. त्याला वाटतं बटण आहे. मलापण तसंच वाटायचं. काल एका दिवसात काय झालं ते मी ऐकलंय. दोन्ही नाही राहणार माझ्या तोंडात. दोन्ही नीट नाही राहणार.

तिन्हीसांजेला बाबांजवळ बसले. पेढा भरवला. सांगितलं, माजं काम पक्कं व्हतंय, तुमाला आता दादाकडं जायला नको, इथंच रायचं. त्यांनी माझा हात शोधला, दोन्ही हातांत धरून ठेवला. बरं झालं म्हणाले. मग म्हणाले, "आन ती बाई?"

म्हटलं, यील ती. कामाला येते.

बाबांनी माझा हात थोपटला. मग म्हणाले, "येऊ दे. चांगली हाय, जीव लावती. पन ती आली का तू कुटं जात नको जाऊस गं. मला एकट्याला तिच्याशी काय बोलावं उमगत नाय."

बरं म्हटलं.